रास्पबेरी पायवर डेप्थ कॅमेऱ्याचे सॉफ्टवेअर बसवताना: सोलापूरच्या एका टॉवेल कारखान्यातील अडचण

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतील काकांच्या टॉवेल कारखान्यात घडीच्या टेबलावर रिअलसेन्स डी४३५आय हा डेप्थ कॅमेरा (चित्रातल्या प्रत्येक बिंदूचे अंतर, म्हणजे 'खोली', सांगणारा) टांगून थप्पीची उंची मोजायची आणि त्यावरून टॉवेलची संख्या काढायची आहे. त्यासाठी २ जीबी मेमरीचा रास्पबेरी पाय ४ हा एका बोर्डावरचा छोटा संगणक घेतला असून त्यावर त्याच्या कार्यप्रणालीची बुकवर्म ही आवृत्ती आहे. पिपने (पायथॉन भाषेची तयार पॅकेजे बसवणाऱ्या साधनाने) कॅमेऱ्याचे पॅकेज मागितले तेव्हा 'नो मॅचिंग डिस्ट्रिब्यूशन फाउंड' असे उत्तर आले. मग सोर्स कोड उतरवून कंपाइल करायला (त्यापासून चालणारा प्रोग्राम बनवायला) घेतले तर नव्वद टक्क्यांच्या पुढे बोर्ड गोठला. तिसऱ्या प्रयत्नात कसेबसे काम पूर्ण झाले, परंतु प्रोग्राम चालवताच 'फ्रेम डिडन्ट अराइव्ह विदिन ५०००' एवढेच छापून तो बंद पडतो. शेवटी तुम्ही विचारले आहे की, लिबरिअलसेन्सची, म्हणजे कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरची, कोणती आवृत्ती घेतली म्हणजे हे सुटेल.

आवृत्ती बदलून हे सुटणार नाही, असे मला वाटते. तुमच्या तीन अडचणींची कारणे तीन वेगळ्या ठिकाणी आहेत आणि त्यांपैकी दोन तर लिबरिअलसेन्सच्या बाहेरची आहेत. कारखान्यांत अशी यंत्रणा बसवण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे. स्वतःच्या पहिल्या कॅमेऱ्याच्या वेळी मी तीन दिवस पुन्हापुन्हा कंपाइल करीत बसलो होतो आणि दोष निघाला तो केबलमध्ये, कारण बाजारातून आणलेली टाइप-सी केबल फोन चार्ज करण्यापुरतीच होती आणि तिच्यात यूएसबी ३ च्या तारा नव्हत्याच. तेव्हापासून मी वीज, केबल आणि कार्यप्रणाली हे तीन मुद्दे तपासल्याशिवाय सोर्स कोडला हात लावत नाही.

पहिला मुद्दा कार्यप्रणालीचा. तुम्ही लिहिले आहे की 'यूनेम' ही आज्ञा 'एआर्च६४' असे उत्तर देते, म्हणून प्रणाली ६४ बिट आहे. हा समज बहुतेकांचा होतो आणि तो साहजिक आहे, परंतु ती आज्ञा फक्त कर्नलविषयी, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याविषयी, बोलते. रास्पबेरी पाय ४ वर ३२ बिटची प्रणाली टाकली तरी २०२३ पासून तिचा कर्नल मात्र ६४ बिटचा सुरू होतो. वरचे सगळे प्रोग्राम, पायथॉनसह, ३२ बिटचेच राहतात. खरे उत्तर 'डीपीकेजी' या आज्ञेला आर्किटेक्चर छापायला सांगितल्यावर मिळते. तिथे 'आर्म-एचएफ' दिसले तर प्रणाली ३२ बिट आहे असे समजावे, 'आर्म६४' दिसले तरच पुढे जावे. पिपला तयार पॅकेज सापडले नाही, याचे कारण माझ्या अंदाजाने हेच आहे, कारण ३२ बिटच्या आर्म प्रणालीसाठी हे पॅकेज तयार स्वरूपात ठेवलेलेच नसते.

३२ बिटवर कंपाइल करून वेळ मारून नेता येते, पण तो मार्ग मी सुचवणार नाही. कार्ड पुसून बुकवर्मचीच ६४ बिटची लाइट आवृत्ती टाका. लाइट अशासाठी की तुमचा बोर्ड टेबलाच्या वर टांगला जाणार आहे, त्याला पडदा जोडलेला नसेल, आणि २ जीबीच्या बोर्डावर डेस्कटॉपने मेमरी खाण्यात काही हशील नाही.

दुसरा मुद्दा विजेचा. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अॅम्पिअरचा पॉवर सप्लाय लागतो आणि त्याच्या चारही यूएसबी जागा मिळून १.२ अॅम्पिअरच देऊ शकतात. कॅमेरा सुरू होताना, विशेषतः त्याचा अवरक्त प्रक्षेपक पेटताना, प्रवाहाची ओढ एकदम वाढते. फोनचा चार्जर जोडलेला असेल तर नेमक्या त्या क्षणी व्होल्टेज खाली येते आणि कॅमेरा यूएसबीवरून गळून पुन्हा जोडला जातो. प्रोग्रामच्या दृष्टीने याचे रूप एकच: फ्रेम आली नाही. हे तपासायचे तर 'व्हीसीजेनसीएमडी' या आज्ञेला 'गेट थ्रॉटल्ड' विचारा. उत्तर निव्वळ शून्य असेल तर ठीक. शून्य-एक्स नंतर ५०००० असा आकडा आला तर बोर्ड सुरू झाल्यापासून केव्हातरी व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेले होते आणि त्यापायी प्रोसेसरचा वेगही आवळला गेला होता, असा त्याचा अर्थ आहे. ५०००५ आला तर या क्षणीही तेच चालू आहे. हा आकडा दिसत असताना कंपाइल करण्यात अर्थ नाही. पुढेमागे पाय ५ घेण्याचा विचार असेल तर त्याला ५ अॅम्पिअरचा सप्लायच द्यावा, कारण ३ अॅम्पिअरचा दिला तर तो यूएसबीला ६०० मिलिअॅम्पिअरवर अडवून धरतो.

तिसरा मुद्दा केबलचा, आणि तुमचा तिसरा दोष बहुधा इथेच आहे. बोर्डावरच्या चार यूएसबी जागांपैकी निळ्या दोनच यूएसबी ३ च्या आहेत, हे तुम्हाला ठाऊक असेलच. पण निळ्या जागेत खोचली म्हणजे जोडणी यूएसबी ३ ची झाली, असे होत नाही. 'एलएसयूएसबी' या आज्ञेला झाडाच्या स्वरूपात यादी द्यायला सांगा आणि कॅमेऱ्याच्या ओळीच्या शेवटी ५०००एम आहे की ४८०एम, ते पाहा. ४८०एम दिसले तर जोडणी यूएसबी २ वर घसरली आहे. केबल हळू खोचली तरी असे होते, कारण जुन्या दोन तारांचे टोक आधी टेकते आणि बोर्ड तेवढ्यावरच बोलणे सुरू करतो. म्हणून पिन एका झटक्यात पूर्ण आत दाबावी. तरीही ४८०एमच राहिले तर कॅमेऱ्याकडचे टाइप-सी टोक उलटे करून पाहावे, आणि त्यानेही फरक पडला नाही तर केबल बदलावी. कॅमेऱ्याबरोबर आलेली आखूड केबल जपून ठेवा, कारण तपासणीसाठी तिच्याइतका भरवशाचा दुसरा मापदंड तुमच्याकडे नाही.

यूएसबी २ वर कॅमेरा मुळीच चालत नाही असे नाही, तो कमी रिझोल्यूशनवर आणि कमी वेगाने चालतो. तुमच्या प्रोग्रामने १२८० गुणिले ७२० बिंदूंचे खोलीचे चित्र सेकंदाला ३० फ्रेमच्या वेगाने मागितले आहे. प्रत्येक बिंदूला २ बाइट धरले तर ते सेकंदाला सुमारे ५५ मेगाबाइट होतात, आणि त्याच्या जोडीला रंगीत चित्रही मागितले आहे. यूएसबी २ ची कागदावरची मर्यादाच ६० मेगाबाइट असून प्रत्यक्षात तेवढे कधीच मिळत नाही. तुमच्या कामाला ८४८ गुणिले ४८० पुरते आणि ३० फ्रेमला त्याचे ओझे २४ मेगाबाइटच्या आसपास येते. खरे तर थप्पी मोजायला सेकंदाला ६ फ्रेमही भरपूर आहेत, कारण टॉवेल कुठे पळून जात नाहीत.

आता कंपाइलकडे येऊ. ६४ बिट प्रणाली झाल्यावर पिपला पुन्हा एकदा विचारून पाहायला हरकत नाही. तुमच्या पायथॉनशी जुळणारे पॅकेज मिळाले तर काम पाच मिनिटांत होते. बुकवर्ममध्ये पिप थेट प्रणालीत काही बसवू देत नाही, म्हणून आधी स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट (पायथॉनचा वेगळा कप्पा) तयार करावे लागेल. तरीही मी स्वतः सोर्समधूनच बसवतो. पिपच्या पॅकेजमध्ये फक्त पायथॉनचा भाग असतो. कॅमेऱ्याची माहिती छापणारी, फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतले सॉफ्टवेअर) बदलणारी छोटी साधने त्यात नसतात आणि कारखान्यात रात्री आठ वाजता काही बिघडले की नेमकी तीच हाताशी लागतात.

सोर्स घेताना विकासाची शाखा घेऊ नका, प्रकाशित आवृत्तीचा टॅग घ्या आणि तो वहीत लिहून ठेवा. हे कॅमेरे बनवणारा विभाग जुलै २०२५ मध्ये इंटेलमधून वेगळा होऊन रिअलसेन्स नावाची स्वतंत्र कंपनी झाला आहे, त्यामुळे जुन्या मार्गदर्शिकांमध्ये इंटेलचे नाव आणि जुने पत्ते आढळतील. त्याने गोंधळून जाऊ नये. तुमच्या मित्राला रिअलसेन्सचा जुना टी२६५ किंवा एल५१५ कॅमेरा स्वस्तात मिळत असल्याचा उल्लेख प्रश्नात आहे. तो घेऊ नका, असे मी सांगेन. त्या दोन्हींचा आधार नव्या आवृत्त्यांतून काढून टाकलेला आहे, म्हणजे त्यांच्यासाठी जुन्या आवृत्तीला कायमचे चिकटून राहावे लागेल.

कंपाइलआधी सी-मेकला (कंपाइलची तयारी करणाऱ्या साधनाला) जे पर्याय द्यायचे, त्यांची नावे मी उच्चाराप्रमाणे लिहीत आहे. टंकताना ती मोठ्या इंग्रजी अक्षरांत आणि शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर देऊन लिहावीत. सर्वांत महत्त्वाचा पर्याय 'फोर्स आरएसयूएसबी बॅकएंड', आणि तो चालू ठेवावा. लिनक्सवर हे सॉफ्टवेअर कॅमेऱ्याशी दोन रीतींनी बोलू शकते. एका रीतीत कर्नलमधील व्हिडिओ ड्रायव्हर मध्ये असतो, आणि फ्रेमसोबत येणारी वेळेची व एक्स्पोजरची माहिती पूर्ण मिळावी म्हणून कर्नलला ठिगळ (पॅच) लावावे लागते. ती ठिगळे उबंटूच्या ठरावीक कर्नलांसाठी बनवलेली आहेत. रास्पबेरी पायच्या कर्नलवर ती लावण्याच्या खटपटीत लोकांचे आठवडे गेलेले मी पाहिले आहेत. दुसऱ्या रीतीत कर्नलला बाजूला ठेवून लिब-यूएसबीमार्फत थेट बोलले जाते आणि ठिगळाची गरजच राहत नाही. एका बोर्डाला तीन-चार कॅमेरे जोडायचे असतील तर ही दुसरी रीत कमी पडते, पण तुमच्याकडे कॅमेरा एकच आहे. डी४३५आयमधील हालचाल मोजणारा संवेदक पहिल्या रीतीत बऱ्याचदा रुसतो, ती कटकटही या मार्गाने टळते. तसाही छताला पक्का बसवलेल्या कॅमेऱ्याला तो संवेदक फक्त सुरुवातीला कल तपासण्यापुरता उपयोगी आहे.

त्यानंतर 'बिल्ड पायथॉन बाइंडिंग्ज' (पायथॉनला या लायब्ररीशी जोडणारा भाग) चालू, 'बिल्ड ग्राफिकल एक्झाम्पल्स' बंद, आणि 'सी-मेक बिल्ड टाइप' रिलीज. चित्रे दाखवणारी उदाहरणे बंद केली की ओपन-जीएल या चित्र-लायब्ररीची सगळी परावलंबने गळून पडतात आणि वेळही बराच वाचतो. व्ह्यूअर (कॅमेऱ्याचे चित्र दाखवणारा प्रोग्राम) पाहायची हौस असेल तर कॅमेरा लॅपटॉपला जोडून तिथे पाहावा. पायथॉनचा मार्ग 'पायथॉन एक्झिक्युटेबल' या पर्यायाने तुमच्या एन्व्हायर्न्मेंटमधील पायथॉनकडे वळवायला विसरू नका. नाहीतर बाइंडिंग एका पायथॉनसाठी तयार होते आणि प्रोग्राम दुसरा पायथॉन चालवतो.

नव्वद टक्क्यांच्या पुढे बोर्ड का गोठला, याचे उत्तर मेमरीत आहे. पायथॉन बाइंडिंगच्या फाइली कंपाइलरची फार मेमरी घेतात, त्या शेवटाकडे येतात, आणि तुम्ही मेकला (कंपाइलची कामे चालवणाऱ्या साधनाला) चार कामे एकदम करायला सांगितली होती. २ जीबीमध्ये ती मावत नाहीत. मग प्रणाली एकतर स्वॅपमध्ये (मेमरी अपुरी पडली की वापरल्या जाणाऱ्या कार्डावरच्या जागेत) घुसमटते किंवा कंपाइलरलाच मारून टाकते, आणि पडद्यावर 'किल्ड' हा शब्द दिसतो. बुकवर्ममध्ये 'डीफिज-स्वॅपफाइल'च्या मांडणीत स्वॅपचा आकार २०४८ करावा, ती सेवा पुन्हा सुरू करावी आणि मेकला एकाच वेळी एकच काम द्यावे. दोन-तीन तास लागतील. जेवून यावे, मध्ये मध्ये हात लावू नये. काम झाल्यावर स्वॅप पूर्ववत करा, कारण सतत लिहिण्याने कार्ड लवकर झिजते.

बसवून झाल्यावर दोन बारीक गोष्टी हमखास राहतात. सोर्सच्या 'कॉन्फिग' फोल्डरमध्ये ९९ आकड्याने सुरू होणारी यूडेव्हच्या नियमांची (कोणते उपकरण कोणाला वापरता येईल हे ठरवणारी) फाइल आहे. ती 'ईटीसी'खालील यूडेव्हच्या नियमांच्या फोल्डरमध्ये ठेवून नियम पुन्हा वाचायला लावा आणि कॅमेरा एकदा काढून जोडा. हे केले नाही तर प्रोग्राम फक्त सूडोने, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, चालतो, आणि मग लोक सगळेच सूडोने चालवू लागतात, ते योग्य नाही. दुसरे, 'एलडीकॉन्फिग' चालवा, म्हणजे नवी लायब्ररी प्रणालीला सापडेल. पायथॉनमध्ये मॉड्यूल आयात होते पण त्यात 'पाइपलाइन' नावाचे काही नाही अशी तक्रार आली, तर पायथॉनने खरी लायब्ररी न उचलता नुसता त्या नावाचा फोल्डर उचलला आहे. 'पायरिअलसेन्स२ डॉट पायरिअलसेन्स२' असे दुहेरी नाव आयात केल्यावर हे बहुधा सुटते.

आता 'आरएस-एन्युमरेट-डिव्हाइसेस' चालवा. त्यात यूएसबीचा प्रकार ३.२ दिसला पाहिजे, २.१ दिसला तर पुन्हा केबलकडे जा. त्याच यादीत फर्मवेअरचा आकडा आहे. तुमच्या आवृत्तीच्या प्रकाशन-टिपणात जो आकडा सुचवला असेल, त्याच्याशी तो जुळवून घ्या. फर्मवेअर बदलणे मात्र बोर्डावरून करू नका, लॅपटॉपवरून करा, आणि तेही लॅपटॉपची बॅटरी भरलेली असताना. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो.

सॉफ्टवेअर इथे संपले, पण तुमचा मूळ हेतू मोजमापाचा आहे, म्हणून त्याविषयी सांगणे भाग आहे. हा कॅमेरा दोन डोळ्यांच्या तत्त्वावर चालतो. त्याच्या दोन अवरक्त डोळ्यांमध्ये ५० मिलिमीटर अंतर आहे आणि खोलीचा हिशेब कॅमेऱ्याच्या आतील चिपच करते, त्यामुळे बोर्डावर त्याचा भार पडत नाही. अशा पद्धतीत चूक अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ८४८ बिंदूंच्या रुंदीला आणि ८७ अंशांच्या दृष्टिक्षेत्राला नाभीय अंतर सुमारे ४४७ बिंदूंचे येते. दोन चित्रे जुळवताना ०.०८ बिंदूची चूक धरली, तर १ मीटरवर साडेतीन मिलिमीटर आणि २ मीटरवर १४ मिलिमीटर इतका फरक पडतो. म्हणून कॅमेरा टेबलापासून १ मीटरवरच टांगा. तेवढ्या उंचीवरून सुमारे १.९ मीटर लांब आणि १.१ मीटर रुंद टेबल दिसते. घडी घातलेला जाड टॉवेल दोन सेंटिमीटरचा असेल तर डझनाच्या थप्पीत एक कमी की जास्त, हे निश्चित कळेल. नॅपकिनचे मात्र कळणार नाही, कारण त्याची घडी काही मिलिमीटरचीच असते आणि वरून हात दाबला तरी थप्पी तेवढी खाली बसते. काकांना नॅपकिनही मोजायचे असतील तर सरळ इलेक्ट्रॉनिक वजनकाटा लावा. कॅमेऱ्याच्या मोहापायी तिथे वेळ घालवू नये.

तुमच्या प्रोग्राममधील एक चूक मला कोड वाचताना दिसली. तुम्ही थप्पीवरच्या चौकोनातील सगळ्या बिंदूंची सरासरी घेता. ज्या बिंदूची खोली कॅमेऱ्याला कळली नाही, तिथे तो शून्य लिहितो. त्या शून्याचा अर्थ 'माहीत नाही' असा आहे, 'अंतर शून्य' असा नाही. ती शून्ये सरासरीत मिसळली की अंतर कमी भरते आणि थप्पी आहे त्याहून उंच दिसते. आधी शून्ये काढून टाका आणि उरलेल्यांची सरासरी न घेता मध्यक (क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारी किंमत) घ्या. सुरू केल्यावरच्या पहिल्या ३० फ्रेम सोडून द्या, तोवर एक्स्पोजर स्थिरावत असतो. रंगीत चित्राचा तुम्हाला काहीच उपयोग नाही, तो प्रवाह मागूच नका; खोली आणि रंग एकमेकांवर बसवण्याचे काम या बोर्डाला जड जाते.

पांढऱ्याशुभ्र टॉवेलवर डोळ्यांना पकडायला खुणा नसतात, म्हणून प्रक्षेपक चालूच ठेवा; तो अवरक्त ठिपके टाकतो आणि त्यांच्या आधारे जुळणी होते. पत्र्याच्या छतातील फटीतून टेबलावर थेट ऊन पडत असेल तर ते ठिपके त्यात बुडून जातात. टेबल हलवा किंवा वर कापड बांधा, फिल्टरांनी हे भरून निघत नाही.

आपल्या गावचा उन्हाळाही हिशेबात धरावा लागेल. कॅमेऱ्यासाठी हवेचे तापमान ३५ अंशांपर्यंत असावे अशी अपेक्षा असते, आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ते सकाळी दहालाच ओलांडले जाते. बोर्डाचा प्रोसेसरही ८० अंशांपासून स्वतःचा वेग कमी करू लागतो. बोर्डाला पंखा लावा, पण मागांच्या शेडमध्ये हवेत कापसाचे बारीक तंतू सतत तरंगत असतात आणि ते पंख्यात महिन्याभरात गादीसारखे बसतात. मी डबीच्या जाळीवर साधे पातळ कापड लावतो आणि दर शनिवारी ते झटकायला सांगतो. कॅमेऱ्याची काचही त्याच वेळी कोरड्या मऊ कापडाने पुसून घ्यावी. तिच्यावर तंतू चिकटला तर खोलीच्या चित्रात त्या जागी काळे भोक पडते आणि माणूस उगीच कोडमध्ये दोष शोधत बसतो.

वीज जाऊन आल्यावर सगळे आपोआप सुरू व्हावे म्हणून प्रोग्राम सिस्टमडीची (बोर्ड सुरू होताच प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेची) सेवा करून ठेवा. सेवेच्या सुरुवातीला कॅमेऱ्याला 'हार्डवेअर रीसेट' द्या आणि तो यूएसबीवर परत येईपर्यंत काही सेकंद थांबा, कारण अर्धवट अवस्थेत अडकलेला कॅमेराही तीच 'फ्रेम आली नाही'ची तक्रार करतो. सर्व स्थिरावल्यावर 'रास्पी-कॉन्फिग'मधून ओव्हरले फाइल सिस्टम चालू करा, म्हणजे कार्डावर लिहिणे थांबेल आणि अचानक वीज गेली तरी ते बिघडणार नाही. मोजणीच्या नोंदी तेवढ्या वेगळ्या पेनड्राइव्हवर किंवा कार्यालयातील संगणकावर पाठवा. हे सगळे करण्याआधी मात्र 'एलएसयूएसबी' आणि 'गेट थ्रॉटल्ड' यांची उत्तरे मला कळवा; ५०००एम आणि शून्य असे आले, तरच पुढचे बोलता येईल.